एका सुताला जरा कमी

दोन सूत

दिनानाथ : हे काय उचलून आणलंस, किसनभिया? ह्यानं ट्रक ओढायचा का वस्तरा घासायचा?

किसन : आधी हातात तर घे.

दिनानाथ : घेतलं ना. दोन्ही हातांनी घेतलं. आता टांगू कुठं? भिंतीतली खुंटी घेऊन खाली येईल.

किसन : मिलचा बेल्ट आहे, शाफ्टवरचा. म्हशीच्या पाठीचं चामडं, बाभळीच्या सालीत कमावलेलं. असला माल आता शोधून मिळणार नाही. भंगारवाला तुकडे करून विकून राहिला होता, मी त्याच्या हातातून काढून घेतला. तुझ्यासाठी चमोटा कापला त्याचा, वस्तऱ्याला धार लावायला.

दिनानाथ : जाड किती?

किसन : पूरे दोन सूत. इंचाचे आठ सूत, त्यातले दोन. मतलब पाव इंच. मिलमध्ये वीस वर्षं हेच बेल्ट ताणले मी. तसूभर लांबत नाही हा.

दिनानाथ : मला कुठं लांबवायचाय? बरं, अडकव त्या कडीला. खालचं टोक मी धरतो. अरे, हा तर ताठ उभा राहिला! टांगलाय का सलामी देऊन राहिलाय?

किसन : ताठ आहे म्हणूनच चांगला. ढिला बेल्ट मतलब लूम बंद, आणि खात्याचा मुकादम, जाबर, येऊन आईबापाचा उद्धार करणार.

दिनानाथ : इथं जाबर मी. आता बघ. वस्तरा आडवा टेकवला, पाठ पुढं, धार मागं, आणि ओढला…

किसन : काय झालं?

दिनानाथ : थांबला.

किसन : थांबला कसा?

दिनानाथ : मध्येच धरून ठेवलं ह्यानं. पोलिसासारखं. थांब, बोट लाव इथं. चिकट लागून राहिलंय ना? काय फासलंस ह्याला?

किसन : काही नाही.

दिनानाथ : किसन.

किसन : थोडी राळ लावली. तेलात उकळून.

दिनानाथ : राळ?

किसन : बेल्टला लावतातच. चाकावरून घसरू नये म्हणून. नवा बेल्ट हातात आला की आधी राळ. हात आपोआप डब्याकडे गेला यार, मी कुठं गेलो?

दिनानाथ : अरे देवा! ऐका हो जुनी इंदूरवाले! सगळी दुनिया चमोट्याला तेल चोळते, वस्तरा सरकावा म्हणून. आमचा किसनभिया राळ चोळतो, सरकू नये म्हणून!

किसन : हसून घे.

दिनानाथ : हसू नको तर रडू? धार दुमडली बघ माझ्या वस्तऱ्याची. आता पथरीवर घेऊन बसा तिला, लाडीगोडी लावत. बरं, राळ सोड, ती एकदा झालेली चूक. पण तुझी ही जाडी पण नाही चालायची.

किसन : जाडीत काय वाईट आहे? टिकेल.

दिनानाथ : टिकेल रे. मी मरेन, हा टिकेल. पण बेल्टाचं काम ओढायचं. चमोटा काही ओढत नाही. वस्तरा अंगावरून गेला की त्यानं जरासं खाली बसायचं, आणि गेला की परत वर यायचं. छाती भरते आणि उतरते ना, तेवढंच. तुझा हा पठ्ठा श्वासच घेत नाही. मग धार टेकते तिथं घासली जाते, बाकी कोरीच राहते.

किसन : मतलब पातळ पाहिजे.

दिनानाथ : पातळ, पण लुळं नाही. लुळं असलं की धारेवर चढतं आणि तिला गोल करून टाकतं. बोटावर गुंडाळ, वळलं पाहिजे. सोड, सरळ झालं पाहिजे. नाक न मुरडता.

किसन : सूत सांग ना. किती सूत?

दिनानाथ : ते सूतबीत तुझं खातं. हा माझा जुना बघ.

किसन : हा तर मधून फाटलाय. कडेनं शिलाई मारलीस का काय?

दिनानाथ : मारली ना. बापानं कानपूरहून आणलेला. आता कानपूरवाल्यानं ते काम बंद केलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधी विचारतं, ब्लेड नया है ना? मी पण अर्धं ब्लेड लावतो, दाढी करतो, फेकतो. टीव्हीवर तर आता रोज नवीन रेझर निघतो. काल तीन पात्यांचं काहीतरी येणार म्हणून एक जण सांगून राहिला होता. तीन पाती! काय दाढी करायची का शेत नांगरायचं?

किसन : मग माझा चमोटा घेणार कोण? तू पण नाही म्हणतोस.

दिनानाथ : महूची छावणी घेणार. माझा भाचा नाही का श्रीराम, तिथं मेसमध्ये साहेबलोकांच्या दाढ्या करतो. जुने कर्नल ब्लेडला गालाला हात लावू देत नाहीत, त्यांना वस्तराच पाहिजे. आणि देपालपुरच्या बाजारात झाडाखाली बसणारे आमचे भाऊबंद, ते रोज नवं ब्लेड कुठून आणणार? सगळ्यांचे चमोटे ह्याच्यासारखेच फाटलेत. तू एक नीट बनव. श्रीरामच्या हातात मी देतो. त्याला पसंत पडला तर तुझं काम चालू.

किसन : आणि नाही पडला तर सुरत.

दिनानाथ : हे सुरत कुठून आलं मध्येच?

किसन : कांताचा भाऊ आहे तिकडं, पॉवरलूमवर. तिनं त्याच्याशी बोलून ठेवलंय. इथली मिल तर आता उघडत नाही. दोन दिवाळ्या झाल्या.

दिनानाथ : पण वहिनीला सांगितलंस का, तू हे करून राहिलास म्हणून?

किसन : सांगणार आहे.

दिनानाथ : मतलब नाही सांगितलंस.

किसन : घरात चामडं आलेलं तिला चालायचं नाही. तुला ठाऊक आहे आमच्यातलं. दोन पिढ्या गेल्या ते सोडायला. कोणाला विचार विहारात, हेच सांगतील.

दिनानाथ : म्हणून माझ्या दुकानामागं बसून कापतोस.

किसन : तुझ्याकडं जागा आहे.

दिनानाथ : जागेचं काय, बस. पण हाताला वास येतो, भिया.

किसन : साबणानं धुतो ना.

दिनानाथ : साबणानं! बायकोच्या नाकापुढं साबण! जा, आधी पातळ माल बघ. तो देवासचा अशोकसेठ, मिलला माल द्यायचा तो, त्याला विचार.

किसन : करतो फोन.

अर्धा सूत

(सुदामा नगर, शुभदाताईंचा पीसीओ. तारेच्या पलीकडचं फक्त किसनला ऐकू येतं. अलीकडचं सगळं शुभदाताईंना ऐकू येतं, आणि शुभदाताई दर पौर्णिमेला विहारात कांताबाईंच्या शेजारी बसतात. हे किसनला आठवलं, पण नंबर फिरवून झाल्यावर.)

किसन : हॅलो, अशोकसेठ? मी किसन. किसन! मिलमधला, बेल्ट खात्यातला.

तिकडून : …

किसन : हौ, बंदच आहे. आता काय उघडते. सेठ, थोडा माल पाहिजे होता.

तिकडून : …

किसन : माल. तुमचा माल.

तिकडून : …

किसन : नाही, बेल्ट नाही. ते दुसरं. तुमच्याकडं असतं ना, ते.

तिकडून : …

किसन : आता त्याचं नाव काय घ्यायचं, सेठ? तुम्ही काय साखर विकून राहिलात थोडी!

तिकडून : …

किसन : नमस्कार, नमस्कार. नाही, तुम्हाला नाही सेठ, इथं शुभदाताई आहेत.

तिकडून : …

किसन : पातळ. हां. वळलं पाहिजे असं.

तिकडून : …

किसन : कशासारखं? आता काय सांगू. कपड्यासारखं समजा.

तिकडून : …

किसन : जाड कपडा हो. अस्तर? अस्तर नाही… बरं, अस्तर तर अस्तर. तुम्ही समजलात ना?

तिकडून : …

किसन : कोणाचं म्हणजे? मोठ्याचं. छोट्याचं नको. मोठं, छोटं, समजा ना सेठ! हॅलो?

तिकडून : …

किसन : अर्धा सूत नाही, अर्ध्याच्या पुढं. पुढं! किती पुढं ते… हॅलो? बसवाल्याकडं द्या. पत्ता? तुम्ही कॅलेंडर पाठवायचे तो घरचा आहे, तो नको. दुसरा लिहा. हॅलो? सेठ?

तिकडून : …

किसन : फोन कापला गेला. किती झाले, ताई? नाही हो, कपडाच. कांतानं सांगितलं होतं. अस्तराचा.

अर्धा सूत, घरी

कांताबाई : हे अस्तर का?

किसन : कोणतं?

कांताबाई : हे, देवासहून आलेलं. सकाळी शुभदाताई विचारून गेल्या, कांताबाई, अस्तर आलं का? मी म्हटलं, कसलं अस्तर, मला तर ठाऊक नाही. दुपारी बसवाल्याचा माणूस पुडकं टाकून गेला.

किसन : तू उघडलंस?

कांताबाई : माझ्या नावानं मागवलेलं, मी नाही उघडणार तर कोण? काठीनं उघडलं. मग काठीपण फेकून दिली.

किसन : बकरीचं पाठवलं त्यानं! हे जोड्यात आतून लावतात. अर्धा सूत पण भरणार नाही. हे बघ, ओढलं की ओढू तिकडं जातं. हे नाही चालायचं.

कांताबाई : मी काय विचारते आणि तुम्ही काय सांगता?

किसन : धार गोल करेल हे.

कांताबाई : कसली धार?

आबा : वस्तऱ्याची. चमोटा करतोय तो, न्हाव्यांसाठी.

कांताबाई : आबा! तुम्हाला माहीत होतं?

आबा : रोज संध्याकाळी बाभळीच्या सालीचा आणि न्हाव्याच्या साबणाचा वास घेऊन पोरगा माझ्या उशाशी येऊन बसतो. डोळे गेले माझे, नाक अजून ड्यूटीवर आहे.

कांताबाई : मग बोलला का नाहीत?

आबा : मला कोणी विचारलं? पलटणीत विचारल्याशिवाय बोलायचा हुकूम नसतो.

कांताबाई : आम्ही बुऱ्हाणपूरच्या बाजूला खेड्यात होतो. माझ्या आईनं पाटलाला तोंडावर सांगितलं, मेलेलं ढोर आता तूच ओढ. त्यावर आमचं विहिरीचं पाणी बंद केलं त्यांनी. मी परकरात होते. एवढीशी घागर घेऊन नदीवर जायचे, येताना अर्धं पाणी अंगावर सांडायचं. पण आईनं परत हात लावला नाही कशाला. आणि तुम्ही तेच बसनं मागवता? घरी? माझ्या नावावर?

किसन : मिलमध्ये वीस वर्षं माझ्या हातात काय होतं? रेशीम?

कांताबाई : बेल्ट होता.

किसन : कशाचा?

कांताबाई : मिलचा. त्यावर नंबर होता. तुम्हाला कार्ड होतं, हजेरी होती. सुट्टी झाली की तो तिथंच राहायचा आणि तुम्ही घरी यायचे. हे घरात येतं.

आबा : माझा कमरेचा बेल्ट घरातच यायचा, पोरी. रोज पॉलिश करायचो, तोंड दिसेपर्यंत. तुझी सासू तो बेल्ट बघूनच लग्नाला हो म्हणाली. माझ्याकडं तिनं नंतर बघितलं.

कांताबाई : तो सरकारी होता, आबा.

आबा : सरकारी असलं की चामडं हे चामडं राहत नाही का?

कांताबाई : नाही राहत. तुम्हालाही माहीत आहे.

आबा : हां. माहीत आहे.

किसन : आबा, तुम्ही पण?

आबा : खरं बोलली ती, मग काय करू? पण सूनबाई, एक मला सांग. आपण सोडलं ते नेमकं काय सोडलं? वाड्यावरून हाक यायची. नाव नाही, गाव नाही, नुसतं "या रे". जेवत असलो तरी उठायचं. नको म्हणायची सोय नव्हती. ती हाक सोडली मी. पायातला बूट नाही सोडला.

कांताबाई : हे सगळं दारोदार जाऊन कोणाला समजावणार? तुम्ही पलटणीतून आलात, तुम्हाला लोक सलाम करतात. ह्यांना काय म्हणतील? मिल बंद पडली आणि फिरून तिथंच गेले.

किसन : आता काय म्हणतात? दिवसाढवळ्या लुंगीवर ओट्यावर बसलेला माणूस. मला बघितलं की लोक घड्याळ बघतात.

कांताबाई : म्हणूनच सुरत म्हणते मी. भावानं जागा बघून ठेवलीय.

किसन : जागा! एका खोलीत पाळीपाळीनं झोपतात तिथं. एक उठला की त्याच्या गरम गादीवर दुसरा. तेही करीन मी. पण तिथं बेल्ट नाहीत, कांता. प्रत्येक लूमला आपली मोटर. मला जे येतं, ते तिथं कोणाला नको आहे. इथं एक माणूस तरी मागून राहिलाय.

कांताबाई : जे येतं ते लपूनछपून का करत होता मग?

किसन : तू नाही म्हणाली असतीस.

कांताबाई : विचारलं होतं? शुभदाताईंसमोर कपडा कोण म्हणालं, मी? मी नाही म्हणायच्या आधीच तुम्ही लाजून मोकळे झालात. लाज तुमची आणि खापर माझ्यावर!

आबा : आता बोल, जवान.

किसन : वाटते थोडी.

कांताबाई : काय?

किसन : लाज. फोनवर तोंडातून शब्दच निघेना. सेठ विचारून राहिला आणि मी मोठं, छोटं करत बसलो. म्हणून तर हे बकरीचं आलं.

कांताबाई : मग सुरतच बरी. मान खाली घालून करायचं काम ह्या घरात नको. आईनं ते माझ्यासाठी मागं नाही ठेवलं.

किसन : आणि मान वर करून केलं तर?

कांताबाई : करता येईल?

किसन : माहीत नाही.

कांताबाई : मग बघा करून. त्या सेठला परत फोन लावा. त्याच पीसीओवरून लावा, शुभदाताई बसलेल्या असतानाच. काय पाहिजे त्याचं नाव घ्या. मग पुढचं बोलू. मी हो म्हटलेलं नाही.

आबा : आणि ह्या बकरीचं काय करायचं?

कांताबाई : राहू द्या तिथंच. मी हात लावणार नाही.

एका सुताला जरा कमी

दिनानाथ : वहिनी, थोडं गरम पाणी द्या. आणि आधी मला सांगा, त्या पीसीओवर झालं काय? जुनी इंदूरपर्यंत खबर आली.

कांताबाई : ह्यांनाच विचारा.

किसन : काय व्हायचंय? फोन केला.

दिनानाथ : फोन केला! शुभदाताईंचे मिस्टर दाढीला आले होते, ते सांगून राहिले होते. म्हणे किसनभिया असा ओरडला, "चामडं पाहिजे, चामडं! म्हशीचं! पाठीचं द्या, पोटाचं नको!" रस्त्यावरची रिक्षा थांबली म्हणे.

किसन : लाइन खराब होती.

कांताबाई : लाइन चांगली होती. मला घरात ऐकू आलं.

दिनानाथ : आणि शुभदाताई काय म्हणाल्या?

किसन : काही नाही. पैसे घेतले, आणि म्हणाल्या, पर्सचा बंद तुटलाय, एक पट्टी उरली तर बघा.

दिनानाथ : घे! पहिलं गिऱ्हाईक! मी इथं बोंबलून राहिलो महू-महू, आणि हा लेडीज पर्सचे बंद घेऊन बसणार. बरं, दाखव तुझा माल.

किसन : हा. ह्या वेळी देवासला स्वतः गेलो. पूर्ण पाठ उलगडून बघितली. कण्याच्या बाजूनं कापलं, तिथं चामडं सगळीकडं सारखं असतं. पोटाकडं गेलं की कुठं ढिलं, कुठं घट्ट. आणलं तेव्हा एक सूत होतं.

दिनानाथ : मग एक सूतच ठेवायचं.

किसन : ठेवलं होतं. टांगून बघितलं, बसतच नव्हतं. मग आतली बाजू तासली. परत टांगलं. थोडी तासली. परत टांगलं. असं करता करता एका जागी थांबलो.

दिनानाथ : आता किती आहे?

किसन : एका सुताला जरा कमी.

दिनानाथ : जरा मतलब?

किसन : ते नाही सांगता येत. तू ओढून बघ. वरची बाजू काचेच्या बाटलीनं घोटलीय. गोडं तेल लावलं, तेही पुसून काढलं.

दिनानाथ : आणि राळ?

किसन : डबा आबांच्या खाटेखाली ठेवलाय. मागितला तर देऊ नका म्हणून सांगितलंय.

आबा : काल मागितला होता ह्यानं.

किसन : आबा!

आबा : दिला नाही मी.

दिनानाथ : चला, धर ते वरचं टोक. हां. टाइट धर, पण कुस्ती नको करू. आता गप्प बसा सगळे.

किसन : कसा आहे?

दिनानाथ : गप्प बस म्हटलं ना.

किसन : अडकून तर नाही राहिला?

दिनानाथ : अरे बोलू नको, ऐक. सट्… सट्… ऐकू आलं? जाताना एक आवाज, येताना तोच आवाज. मधे खंड नाही. बसतोय, भिया. बसतोय आणि उठतोय.

किसन : मतलब चालेल?

दिनानाथ : चमोट्याचं काय, तो चांगलाच वाटतो. खरं-खोटं गालावर कळतं. कोणाचा गाल घेऊ? तुझा तर तू सकाळीच खरवडून बसलास.

आबा : माझा घे.

कांताबाई : आबांचा नाही.

आबा : का?

कांताबाई : तुमची कातडी आता कागदासारखी झाली आहे. परवा उशीची शिवण लागली तरी रक्त आलं.

आबा : मग परीक्षा तिथंच घ्या. जाड गालावर काय, कोणीही पास होईल.

किसन : नको, आबा. मी दुसरा कोणी बघतो. शेजारचा…

आबा : भरवसा नाही तुला तुझ्या कामावर?

किसन : आहे.

आबा : मग मागं कशाला सरकतो? दिनानाथ, साबण लाव.

दिनानाथ : मला बापड्याला मध्ये का घेऊन राहिलात? हात माझा, चमोटा ह्याचा, गाल तुमचा. काही झालं तर वहिनी माझीच हजामत करतील.

कांताबाई : करीन. आणि एक थेंब जरी आला ना, तर हा चमोटा बाहेर, आणि हे उद्याच्या गाडीनं सुरतेला. आबा, मंजूर?

आबा : मंजूर.

कांताबाई : तुम्हाला?

किसन : मंजूर.

दिनानाथ : मला कोणी विचारून नाही राहिलं. बरं आबा, आता फेस लागला, आता तोंड बंद. वहिनी, ह्यांची मान हलते थोडी. मागून धरता का? असं, दोन्ही कानांपाशी. हां.

कांताबाई : सांभाळून.

दिनानाथ : सांभाळूनच करतोय.

किसन : गळ्याकडं हळू घे. तिथं सुरकुत्या आहेत.

दिनानाथ : तू भिंतीकडं तोंड करून उभा राहा बरं.

कांताबाई : आवाज का येत नाही?

दिनानाथ : कसला?

कांताबाई : खरखर. तुमच्या दुकानावरून जाते तेव्हा बाहेरपर्यंत येते.

दिनानाथ : ती ब्लेडची, वहिनी. धार बसलेली असली की आवाज येत नाही. आवाज आला तर समजायचं, केस ओढला जाऊन राहिलाय. माझ्या बापाच्या वेळी दुकानात इतकी शांतता असायची की गिऱ्हाईक झोपून जायचं. मग घरून त्याची बायको शोधत यायची. आता हनुवटी. वहिनी, जरा वर.

कांताबाई : अशी?

दिनानाथ : बस. इथं सगळ्यात वाईट जागा असते. खड्डा आहे. आणि… गेला. झालं.

किसन : मी वळू का?

दिनानाथ : वळ.

किसन : रक्त?

कांताबाई : थांबा, पुसू द्या. इथं नाही. इथं पण नाही. कानामागं… नाही.

आबा : सुरू कधी करणार?

दिनानाथ : झाली, आबा.

आबा : थट्टा करतो का?

कांताबाई : झाली, आबा. खरंच झाली. हात फिरवून बघा.

आबा : माझ्या बोटांना आता काही कळत नाही. तूच फिरव आणि सांग.

कांताबाई : थांबा, हात कोरडा करू द्या.

आबा : सांग की.

कांताबाई : लहान पोराच्या गालासारखा लागतो.

दिनानाथ : आबा, आता परत एकदा कमरेला बेल्ट बांधा आणि बाहेर पडा. कोणीतरी हो म्हणेल.

कांताबाई : दाखवा बरं मला तो.

किसन : काय?

कांताबाई : चमोटा. द्या इकडं.

किसन : हातात?

कांताबाई : मग काय, काठीनं घेऊ? कसं बघतात हे? बोटावर गुंडाळून?

दिनानाथ : हां, तर्जनीवर. वळतोय ना? आता सोडा.

कांताबाई : सरळ झाला की.

दिनानाथ : झाला ना! वहिनी, हा आजच महूला नेतो मी. श्रीराम एकदा ओढून बघेल आणि मला परत देणार नाही, लिहून घ्या. किसनभिया, तू पुढचे कापायला घे. देपालपुरवाल्यांना मी बाजाराच्या दिवशी दाखवतो.

आबा : आणि ते सुरत?

कांताबाई : सुरतेला साड्या घ्यायला जाऊ कधीतरी. भावाला मी कळवते.

किसन : मग उद्यापासून येतो रे तुझ्याकडं, मागच्या बाजूला. तिथं उजेड जरा कमी आहे, पण भागेल.

कांताबाई : त्यांच्या दुकानामागं कशाला?

किसन : मग इथं? बरं. मोरीजवळ, मागच्या दारात बसतो. कोणाला त्रास नाही.

कांताबाई : पुढच्या खोलीत बसा. रस्त्याकडं खिडकी आहे तिथं. उघडी ठेवा ती.

किसन : पुढच्या खोलीत? ठीक आहे. खाली एक गोणपाट टाकून घेतो.

कांताबाई : खाली नाही बसायचं.

किसन : अगं, हे खाली बसूनच कापतात. पायाखाली धरावं लागतं. सगळे असंच…

कांताबाई : सगळे काय करतात ते मला नका सांगू. टेबल आहे. खुर्ची आहे. वर बसून करा.

दिनानाथ : वहिनी, खुर्चीत बसून चामडं कापणारा कारागीर मी तर अजून बघितला नाही.

कांताबाई : उद्या या बघायला. खिडकीतून दिसेल.

आबा : हुकूम झाला, जवान.

किसन : पण ते टेबल हलतं ना.

कांताबाई : एक पाय आखूड आहे त्याचा. तो आधी नीट बसवून घ्या, मग सुरी लावा. हात हलला तर एवढं चांगलं चामडं वाया जाईल.